वहिदाबाईंचं वळण

मी गाडी घेतली त्या वर्षी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये दुसऱ्या कुणाकडे चारचाकी नव्हती. अख्ख्या ब्रह्मपुरीत त्या काळी चारचाक्या मोजक्याच, त्यातून मास्तराकडे तर नाहीच. गाडी सेकंडहँड होती. तिचा मागचा डावा दरवाजा फक्त आतून उघडायचा आणि पावसात वायपरपेक्षा माझा हात जास्त चालायचा. पण हे बाहेरच्यांना दिसत नव्हतं. बाहेरच्यांना दिसायचो मी, बोटात किल्ली फिरवत येणारा. मी वाणिज्य शिकवायचो. मधल्या सुट्टीत मात्र मी ड्रायव्हिंग शिकवायचो, कुणी विचारो ना विचारो. आरमोरीच्या रस्त्यावर मी ट्रकला कसं मागे टाकलं, वळणावर मला ब्रेकची गरजच कशी पडत नाही, वगैरे.

गणिताच्या वहिदाबाई कोपऱ्यातल्या टेबलावर पेपर तपासत बसलेल्या असायच्या. वय पंचेचाळिशीच्या पुढे, उंची बेताची, सुती साडीचा पदर डोक्यावरून घेतलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नवरा तरुणपणीच अपघातात गेला होता, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापलीकडे कुणी विचारत नसे आणि त्या सांगत नसत. पोरं त्यांना फार भ्यायची. त्याचं कारण त्या कधी रागवत नसत. पोराने गणित चुकवलं, की त्या ते फळ्यावर तसंच ठेवायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "कुठी बिघडलं?" मग पोरगं ती ओळ शोधून काढेपर्यंत उभं. उत्तर सांगून टाकलं तर चालत नसे. बिघडलेली जागा दाखवावी लागे.

एकदा माझी ट्रकवाली गोष्ट रंगात आली असताना त्यांनी लाल पेन खाली ठेवला आणि विचारलं, "सर, तुम्ही ब्रेक वळणाच्या आधी सोडता का वळणात?"

बाईंना गाड्यांमध्ये रस असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी जरा मोठेपणानेच म्हणालो, की बाई, हे असं ठरवून होत नाही, ते हातात असावं लागतं.

"पायात म्हणा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा पेपर तपासू लागल्या.

मधली सुट्टी संपेपर्यंत मला त्यातली खोच कळली नाही. कळली तेव्हा वर्गात नफातोट्याचं खातं अर्धवट राहिलं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. बाजारओळीच्या मागे त्यांच्या वडिलांचं घर होतं. खाली बांगड्यांचं दुकान, ते भाऊ चालवायचा. वरच्या खोल्यांत बाई आणि त्यांच्या म्हाताऱ्या अम्मी. जिना चढताना वरून इंजिनाचा आवाज येत होता. मला वाटलं, पिठाची गिरणी असेल. वर जाऊन पाहतो तर टेबलावर कॉम्प्युटर, टेबलाच्या कडेला पेचाने आवळलेलं एक काळं स्टिअरिंग, खाली दोन पॅडल, आणि ते पॅडल घसरू नयेत म्हणून त्यांच्या मागे तांदळाचं पोतं टेकवलेलं. बाई पदर खोचून, अनवाणी पाय त्या पॅडलवर ठेवून बसल्या होत्या आणि पडद्यावर एक रेसिंगची गाडी जंगलातल्या कुठल्याशा परदेशी रस्त्यावरून जात होती. चप्पल घातली की पायाला ब्रेक कळत नाही, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

कॉम्प्युटर भाच्याचा होता. समीर इंजिनिअर होऊन आखातात नोकरीला गेला आणि जाताना आत्याला प्रश्नपत्रिका टाइप करायला म्हणून तो ठेवून गेला. स्टिअरिंग कपाटात होतं. बाईंनी एके दिवशी सहज लावून पाहिलं आणि पडद्यावरची गाडी पहिल्याच वळणाला रस्ता सोडून गेली. पुन्हा चालवली, पुन्हा तिथेच गेली.

"एकच चूक दोनदा झाली का मले जेवण जात नाई," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून हे करून राह्यली."

मी त्याला गेम म्हणालो. त्यांना ते आवडलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की गेममध्ये गाडी आपल्या मनासारखी चालते. हे सिम्युलेटर आहे, यात आपल्याला गाडीच्या मनासारखं चालावं लागतं. वजन, टायर, रस्ता, सगळ्याचं गणित आत मांडलेलं असतं. गणित म्हणताना त्यांचा चेहरा खुलला.

मग त्यांनी मला बसवलं. मी बूट काढले नाहीत. ज्याची स्वतःची गाडी बाहेर उभी आहे त्याने अनवाणी काय बसायचं? पहिल्या वळणाला मी खडीत गेलो. दुसऱ्या खेपेला भिंतीवर. तिसऱ्या खेपेला गाडी गोल फिरली आणि मी आलेल्या दिशेनेच परत निघालो, आणि ते माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. कोपऱ्यातल्या खाटेवरून अम्मींनी मोठ्याने विचारलं, "कहाँ तक पहुँचे मास्टरजी?" त्यांना कमी ऐकू यायचं आणि ही गाडी खरोखर कुठेतरी जाते अशी त्यांची समजूत होती.

"खेत में, अम्मी," बाई म्हणाल्या.

मी स्टिअरिंग सैल असल्याचं सांगितलं. बाईंनी पेच तपासला. घट्ट होता. मी पॅडल कडक असल्याचं सांगितलं. त्यांनी उत्तरादाखल माझ्यासाठी चहा ठेवला.

त्यानंतर मी जवळजवळ दर रविवारी जाऊ लागलो. एखादेवेळी तरी बाईंपेक्षा वेगात फेरी मारून परत यायचं आणि मग हा नाद सोडायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. तो दिवस काही आला नाही. शिकायला मात्र मिळालं, तेही माझ्या मनाविरुद्ध.

बाईंनी मला आधी ब्रेक शिकवला. मी ब्रेक मारायचो तो घाबरलेला माणूस मारतो तसा. आधी हळू, मग जास्त, मग वळणाच्या मधोमध दोन्ही पायांनी. त्यांनी उलटं सांगितलं. रस्ता सरळ आहे तोवरच जोरात दाबा, आणि मग स्टिअरिंग जसजसं वळेल तसतसा पाय उचलत या. टायरजवळ पकड मर्यादितच असते. ती थांबण्यात खर्च केली तर वळायला उरत नाही. हे सांगताना त्यांनी सायकलचं उदाहरण दिलं. कॅरिअरवर पोतं बांधलंय आणि तुम्ही करकचून ब्रेक मारला, तर पोतं पाठीवर येतं. वजन पुढे आलं, मागचं चाक हलकं झालं. "आता अशात हँडल वळवून पाहा," त्या म्हणाल्या. मी लहानपणी कुरखेड्याच्या उतारावर हे वळवून पाहिलं होतं. त्याची खूण अजून माझ्या कोपरावर आहे, पण मी ती दाखवली नाही.

गाडीच्या दोन खोडींना त्यांनी नावं दिली होती. स्टिअरिंग वळवूनही नाक सरळच जात राहिलं तर गाडी जिद्दी. मागचा भाग बाहेर पळाला तर नाचरी. समीरच्या इंग्रजी पुस्तिकेत यांना वेगळे शब्द होते, पण आमचं याच दोन शब्दांवर भागायचं. जिद्दी गाडीपुढे जबरदस्ती चालत नाही, थोडा वेग सोडून द्यावा लागतो. नाचऱ्या गाडीत घाई चालत नाही, ॲक्सिलरेटर अंड्यावर पाय ठेवल्यासारखा द्यावा लागतो. माझ्या हातात ती एकाच वळणात जिद्दीही व्हायची आणि नाचरीही. बाईंनी ते दोनदा पाहून घेतलं आणि हे कसं जमतं असं मला अगदी मनापासून विचारलं.

त्यात गाडीची मांडणीही बदलता यायची. स्प्रिंगा कडक करा, मऊ करा, टायरची हवा कमीजास्त करा, ब्रेकचा जोर पुढच्या चाकांवर किती आणि मागच्यांवर किती ते ठरवा. हे कळल्यावर मला फार आनंद झाला. म्हणजे दोष माझा नव्हताच! मी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन इंटरनेटवरून कुठल्याशा परदेशी विजेत्याची मांडणी शोधून काढली, फ्लॉपीत भरली आणि खिशात घालून रविवारी बाईंच्या घरी गेलो. स्टाफरूममध्ये शनिवारीच सांगून ठेवलं होतं, की उद्या बघा.

त्या फ्लॉपीने मला पहिल्या वळणापर्यंतसुद्धा नेलं नाही. सरळ रस्त्यावर नुसता वेग वाढवला तर गाडी नाचली आणि कठड्यावर जाऊन बसली. बाईंनी ती मांडणी वाचून पाहिली. म्हणाल्या, चांगली आहे, पण ज्याची आहे त्याच्या पायासाठी आहे. तुमच्या पायाला अजून ही झेपत नाही. मग त्यांनी सगळं मूळचं होतं तसं केलं आणि एकच गोष्ट बदलली. ब्रेकचा जोर थोडासा पुढच्या चाकांवर सरकवला. मला पाच फेऱ्या मारायला लावल्या. गाडी हळू होती, पण रस्त्यावर राहिली. एका वेळी एकच बदलायचं, हा त्यांचा नियम. दोन गोष्टी बदलल्या आणि सुधारलं, तर कशानं सुधारलं ते कळत नाही. बिघडलं तर त्याहून वाईट.

"गाडीले नावं नका ठेवू सर," त्या म्हणाल्या. "ती तुमचंच ऐकून राह्यली."

हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे घरात, वर्गात, सासुरवाडीत, कुठेही काही बिघडलं की मला ते आठवायचं, आणि दर वेळी ते मला नकोसंच व्हायचं.

त्या दिवसांत भारनियमन फार होतं. बाईंची चांगली फेरी चालू असली की हमखास वीज जायची. मी चरफडायचो. बाई तशाच बसायच्या, हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले, आणि काळ्या पडद्यासमोर उरलेली फेरी तोंडाने पूर्ण करायच्या. आता ब्रेक, आता सोडते, आता झाडामागून रस्ता दिसला, आता हळूच पाय. पाय खरोखर पॅडलवर हलायचे. फेरी संपली की त्या डोळे उघडून पदर सारखा करायच्या. ते पाहताना मला वाटायचं, की ही बाई जिंकण्यासाठी हे करत नाही. मग कशासाठी करते, हे मात्र मी विचारलं नाही. मला स्वतःच्या फेरीची पडली होती.

पुढच्या मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेवर देखरेखीसाठी आम्हा दोघांची कुरखेड्याला नेमणूक झाली. बसने जायला बाई तयार होत्या, पण मी गाडी काढली. बाईंना पुढच्या सीटवर बसवून मी कसा शिकलोय ते एकदा खऱ्या रस्त्यावर दाखवायचं होतं. वैनगंगेचा पूल, वडसा, मग जंगल सुरू झालं. पळस फुलला होता, मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. मी वळणाआधी ब्रेक, वळणात पाय उचलणं, सगळं जरा जास्तच ठळकपणे करत होतो, दिसावं म्हणून. बाईंचं लक्ष नव्हतं. त्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या आणि माझ्या प्रश्नांना हूं म्हणत होत्या. मला थोडा रागही आला.

पेपर संपवून दुपारी आम्ही परत निघालो. जंगलात एक साधंसं डावं वळण आलं. सकाळी याच वळणावरून गेलो होतो, लक्षातही राहिलं नव्हतं. कडेला बांबूचं मोठं बेट होतं. वळण सौम्य दिसत होतं, म्हणून मी ब्रेकला फक्त पाय लावला आणि आत शिरलो. बांबूच्या पलीकडे गेलो तर रस्ता आणखी वळत होता, आणि मग आणखी. मी सगळं विसरून दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मागचा भाग बाहेर गेला. समोर उजव्या अंगाला खोलगट शेत होतं आणि मला त्या शेताशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

"तिकडं नका पाहू," बाई अगदी हळू म्हणाल्या. "रस्ता पाहा. ब्रेक सोडा."

मी ब्रेक सोडला, पण पाहत मात्र शेताकडेच राहिलो. गाडी शहाणी होती. मी पाहत होतो तिथे गेली. उजवी दोन चाकं धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या खाली उतरली, बंपर मोहाच्या झाडाला टेकला आणि इंजिन बंद पडलं. कुणाला काही लागलं नाही. मागचा डावा दरवाजा मात्र आपोआप उघडला. तो त्यानंतर बाहेरूनही उघडू लागला.

मग बाईंनी विचारलं, "कुठी बिघडलं?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या दार उघडून उतरल्या आणि आलेल्या रस्त्याने मागे चालत गेल्या, पार वळणाच्या तोंडापर्यंत. तिथून वळून त्या रस्त्याच्या डाव्या बाजूने परत येऊ लागल्या. बांबूजवळ थांबल्या. दोन पावलं मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

तोवर शेतातून एक म्हातारेबुवा आले. कमरेला पंचा, हातात कुऱ्हाड. गाडीकडे पाहून त्यांना काहीच नवल वाटलं नाही. इथी दर वर्षी कोणी ना कोणी उतरतेच, असं ते मला म्हणाले. बैलजोडी आणतो, काढून देतो, घाबरू नका. मागे एक ट्रक उतरला होता, त्याच्या मागच्या साली दोन पोरं फटफटीवरून. आणि लय आधी एक जीप.

बाई जवळ येऊन पोहोचल्या होत्या. "कोणाची जीप?"

"तेंदूपत्तावाल्या हबीबभाऊची," म्हातारेबुवा म्हणाले. "भला माणूस होता. मजुरीचे पैसे अडवून नाई ठेवे. कुरखेड्याहून घरी चालला होता. मीच काढलं त्याले बाहेर."

बाईंनी पदर नीट केला. "मी त्याहिची घरची."

म्हातारेबुवांनी कुऱ्हाड खाली ठेवली. ते थोड्या वेळाने शेतातल्या मांडवाकडे गेले आणि मडक्यातलं पाणी लोट्यात घेऊन आले. ते त्यांनी आधी बाईंना दिलं.

बाई पाणी प्यायल्या आणि मोहाच्या मुळावर बसल्या. मग त्या बोलल्या. इतक्या दिवसांत त्या नवऱ्याविषयी माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि तेही त्यांनी मला गणित समजावल्यासारखंच सांगितलं. जाताना हे वळण उघडत जातं, म्हणून सकाळी कळलं नाही. येताना ते मिटत जातं, आणि मिटतं ते बांबूच्या आड. माणूस पहिलं अर्धं पाहून वेग ठरवतो. दुसरं अर्धं दिसतं तेव्हा तो आत असतो. मग तो ब्रेक मारतो, कारण कुणीही मारेल.

"त्याहिले जोरात चालवाची सवय होती. मी रोज बोलत होती. त्या दिवशीही बोलली," त्या म्हणाल्या. "लोकं म्हणे मस्तीत गेला. मीही तेच समजून राह्यली. इतकी वर्षं मी त्याहिच्यावर रागावून होती, सर. मले सोडून गेले म्हणून नाई. आपल्या मस्तीपायी गेले म्हणून."

माझ्या पँटला माती लागली होती आणि मी ती झाडत होतो.

"जोरात असतीलच," बाई थोड्या वेळाने म्हणाल्या. "पण जीव जायाएवढी चूक नव्हती ते. तुमीही केली. तुमी तर हळू होते."

माझ्या ड्रायव्हिंगबद्दल त्यांच्या तोंडून चांगलं म्हणता येईल असं एवढंच वाक्य मला मिळालं. त्याचाही अर्थ नीट पाहिला तर तो असा होता, की मी हळू जाऊनही पडतो. पण ते मला त्या दिवशी खुपलं नाही. बैलजोडी आली, गाडी निघाली. वडशापर्यंत बाई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या, आवाज न करता. मी दुसऱ्या गिअरमध्ये चालवत राहिलो.

बाईंनी संबंधित खात्याला अर्ज केला. आकृती काढून, वळणाचे दोन्ही भाग दाखवून, बांबू कापा आणि फलक लावा असं लिहिलं. उत्तर आलं नाही. तेव्हा पावसाळ्याआधीच्या एका रविवारी त्यांनी मला चुन्याची दोन पोती आणि कुंचले घेऊन गाडी काढायला सांगितली. सिम्युलेटरच्या रस्त्यावर वळण मिटत असेल तर कडेला लाल-पांढरे पट्टे असतात, ते वाकत गेलेले लांबूनच दिसतात, म्हणून माणूस आधीच सावध होतो. इथे पट्टे कुठून आणणार? झाडं आहेत की! वळणाच्या बाहेरच्या अंगाची सगळी झाडं आणि मधले दगड पांढरे करायचे, म्हणजे बांबू आड येण्याआधी, अलीकडूनच, रस्ता कुठवर वळतो ते डोळ्याला दिसेल. कुठल्या झाडापासून सुरुवात करायची ते ठरवायला त्या पाच-सहा वेळा वळणाच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

म्हातारेबुवा मदतीला आले. त्यांनी सांगितलं म्हणून ट्रकच्या दिव्यांच्या उंचीपर्यंत चुना लावला. माझ्या वाट्याला तीन झाडं आली. त्यातला अर्धा चुना झाडांना लागला. मधेच वनरक्षक मोटारसायकलवरून आला आणि कोणाच्या परवानगीने झाडं रंगवता असं दरडावून विचारू लागला. मी लगेच कुंचला मागे लपवला. बाईंनी त्याला विचारलं, तू रोज कुठून येतोस? तो म्हणाला, कुरखेड्याकडून. मग त्यांनी त्याला हाताला धरून, वर्गातल्या पोराला फळ्याशी नेतात तसं वळणाच्या तोंडाशी नेलं आणि काय दिसतं ते विचारलं. दोघं तिथे बराच वेळ उभे होते. परत आला तेव्हा त्याने गाडी स्टँडवर लावली, बाह्या वर केल्या आणि माझ्या हातातला कुंचला घेतला. मला बरंच वाटलं. माझा खांदा दुखत होता.

त्यानंतर बाईंना खरी गाडी शिकायची होती. त्यांच्या भावाने तोंड वाकडं केलं, तरी त्या माझ्याच गाडीत शिकल्या. या एका जागी मला गुरू व्हायची संधी होती, कारण समीरच्या त्या दोन पॅडलांत क्लच नव्हता. पहिल्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर गाडीने इतके आचके दिले, की माझा चष्मा मागच्या सीटवर सापडला. मी क्लचवर सविस्तर व्याख्यान दिलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, चपला काढून माझ्या मांडीवर दिल्या आणि पुन्हा चावी फिरवली. आठवडाभरात त्यांची गाडी पाण्यासारखी निघू लागली. मी मात्र गाडी होती तोवर चढावर मागेच येत राहिलो.

मग माझी बदली चंद्रपूरला झाली. अम्मी गेल्या त्याची खबर मिळाली, तेव्हा जाऊन आलो. बाई निवृत्त झाल्या, त्यांनी छोटी जुनी गाडी घेतली, एवढं उडत उडत कळत होतं. माझी गाडी एव्हाना भंगारात गेली होती आणि मी पुन्हा बस-जीपचा प्रवासी झालो होतो.

शेवटच्या त्या मला दिसल्या त्या नागभीड-ब्रह्मपुरी रस्त्यावर. एका लग्नासाठी मी काळीपिवळी जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी अर्ध्या मांडीवर बसून चाललो होतो. पुढे एक फिकट निळी गाडी सायकलच्या वेगाने चालली होती आणि तिच्यामागे आमच्यासकट चार-पाच वाहनं अडकली होती. आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. "कोणीतरी बाई हाये," तो म्हणाला, "शिकली कुठी काय माहीत." दोन्ही बाजूंना नुकतीच रोवणी झालेल्या धानाच्या पाणभरल्या बांध्या होत्या आणि त्या गाडीच्या खिडकीतून एका लहान पोरीचा हात बाहेर येऊन बगळ्यांकडे दाखवत होता. गाडी आणखी हळू झाली. बहुधा आतलं कुणीतरी बगळे मोजत होतं.

मग खिडकीतून दुसरा हात बाहेर आला, काचेच्या बांगड्यांचा, आणि त्याने शांतपणे आम्हाला पुढे जायची खूण केली. आमची जीप चिखल उडवत शेजारून गेली. मी वाकून पाहिलं. पांढरे केस, डोक्यावर पदर, पाठ ताठ. शेजारी समीरची मुलगी असावी. मी ड्रायव्हरला सांगणार होतो, की बाबा, या बाईंच्या मागे राहण्यात काही कमीपणा नाही, मी अनेक रविवार तिथेच होतो. पण तेवढ्यात समोर वळण आलं, त्याने काही वेग कमी केला नाही, आणि मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून जीपच्या पत्र्यावर, जिथे काहीच नव्हतं तिथे, जीव खाऊन ब्रेक दाबला.